दोन हप्ते

३ जून २०२५, मंगळवार

शेवटची मशीनही शनिवारी बंद पडली. सतरा वर्षं चटईच्या कारखान्यात उभे राहिलेले आमचे इसाक तडवी आता पूर्णवेळ घरी! मालक म्हणाला, ऑर्डर आली की बोलावतो. असं तो मार्चमध्ये दुसऱ्यांनाही म्हणाला होता.

एमआयडीसीतून काम गेलेले या कॉलनीत आम्ही एकटे नाही. पण बाकीचे भाड्याने राहतात. आमचं घर कर्जाचं. दर पाच तारखेला अकरा हजार चारशे, अजून बारा वर्षं. माझ्या मेडिकलच्या पगारात ते कुठून बसणार?

काल यांनी फायनान्स कंपनीला फोन केला होता. काम गेलं, काही करता येतं का, म्हणून. तिथली बाई म्हणाली, वर विचारून कळवते. आज सकाळी तिचा फोन आला. हे आंघोळीला, मी पोळ्यांवर. खांद्यात फोन धरून घेतला. गोड बोलणारी होती, हिंदीतून. "दो हफ्ते जाने दीजिए, फिर धुले ब्रांच में आ जाइए, हो जाएगा." दोन हप्ते सोडले! दोनदा थँक्यू म्हटलं. फोन ठेवायच्या आत ओरडले, पोळी जळाली! एक पार काळी झाली होती.

न्हाणीच्या दारावर थाप मारून यांना सांगितलं. आतला नळ बंद झाला. "खरंच का वं?" म्हणाले.

खरंच!

४ जून

खात्यातले पैसे काढून आणले. ठेवले असते तर उद्या आपोआप कापले गेले असते. त्यातून रूहीच्या क्लासची फी भरून टाकली. बारावीचं वर्ष, दोनदा मागून झाली होती. पोरगी पावती घेऊन आली आणि माझ्या हातातली भांडी घासायला घेतली.

७ जून

ईद. सासूबाईंनी यावलहून मटण पाठवलं. आपलं आपण काही केलं नाही, पण दिवस चांगला गेला. घरातला प्रत्येक जण पोटभर जेवला.

२३ जून

हे रिक्षा चालवू लागले. दुसऱ्याची आहे, दिवसाचं भाडं ठरलंय. अनामत भरावी लागली, ती सोडलेल्या हप्त्यातून आणि थोडी माझ्या बिशीतून. सतरा वर्षं उभ्याने काम केलेला माणूस आता दिवसभर बसून असतो, तर कंबर धरलीय. म्हणे, "बसून दुखते, हे नवलच!" मी मेडिकलवरून पट्टा आणून दिला. सेठने खरेदीच्या किमतीत दिला.

५ जुलै

दुसरा हप्ता. सोडला.

कुठल्या कुठल्या नंबरवरून फोन येतात. उचलत नाही. बोलणं झालेलं आहे, उगाच परत परत कोण सांगत बसणार? कंपनीत एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं.

१९ जुलै

आज काउंटरवर एक बाई चिठ्ठी विसरून आली. म्हणाली, नाव सांगते, द्या ना. नाही दिलं. रागावून गेली. मी ऐकून औषध देत नाही, वाचून देते. अकरा वर्षांत एकदाही चुकीची गोळी गेलेली नाही माझ्या हातून. सेठ इतरांना हे सांगतो, तेव्हा मी मुद्दाम कपाटाकडे तोंड करून उभी राहते. पण ऐकते.

६ ऑगस्ट, बुधवार

धुळ्याला जाऊन आलो.

सकाळच्या एसटीने गेलो. पारोळ्यापर्यंत उभ्याने. जळगावचं ऑफिस कंपनीने बंद केलंय, म्हणून धुळं. तिसऱ्या हप्त्याची तारीख काल होती. त्याचे जेमतेम निम्मे जमलेत, पण म्हटलं आता हप्ता कमी करूनच मिळेल, तेव्हा तोच भरू. मी तर पेढ्यांचा पुडाही घेतला होता पर्समध्ये!

शाखेत सरिता पावरा म्हणून मॅडम आहेत. शिरपूरकडच्या, माझ्याहून लहान असतील. आम्ही बसलो. मी हसत म्हटलं, मॅडम, दोन हप्ते गेले, आता आलो. त्यांनी खातं उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ताई, तुम्हाला जूनमध्ये दोन आठवड्यांनी बोलावलं होतं. तुम्ही आला नाहीत. विनंती केव्हाच बंद झालीय."

म्हटलं, नाही हो, दोन हप्ते सोडा म्हणाल्या त्या.

"हफ्ते म्हणजे आठवडे, ताई. त्या हिंदीत बोलतात."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

मॅडमनी कागदावर आकडे मांडून समजावलं. सर्वात जुना थकलेला हप्ता जूनचा. त्याला नव्वद दिवस झाले की खातं बुडीत धरतात, मग घर ताब्यात घ्यायची नोटीस निघते. नव्वदावा दिवस ३ सप्टेंबर. त्याआधी निदान एक हप्ता भरायचा. कारखाना बंद झाल्याचं मालकाचं पत्र, सहा महिन्यांचा बँकेचा उतारा, आणि लेखी अर्ज. मग त्या वर पाठवतील. "मी पाठवीन, मंजुरी माझ्या हातात नाही," असंही स्पष्ट बोलल्या. तसं बोलल्या म्हणून विश्वास बसला.

एसटीत बसल्यावर माझा तोल गेला. तुम्ही नीट ऐकायचं ना! आठवडा का हप्ता, एवढं विचारता येत नव्हतं? घर आहे ते, भाजी नाही! पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. हे खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "चूक झाली खरी." एवढंच.

पेढे रूहीला दिले. तिने विचारलं नाही कशाचे.

७ ऑगस्ट

हे घर घेतलं तेव्हा कागदावर माझं नाव आधी घातलं. बाईचं नाव असलं की थोडं व्याज कमी पडतं, म्हणून. पण आमच्या घराण्यात बाईच्या नावावर काही असलेली मी पहिली. आईने तो कागद हातात घेऊन माझ्या नावावरून बोट फिरवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. मीच दाखवलं, हे बघ, इथे जीनत.

ते नाव पेपरात लिलावाच्या रकान्यात येणार?

१० ऑगस्ट, रविवार

बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. आधी रडले, मग दोघी हसलो. यांनी हप्ता म्हणजे हप्ताच ऐकला! सेठलाही काल सांगितलं. तोही हसला, म्हणाला, इसाकभाऊ साधा माणूस. शेजारच्या गुंताबाईला सांगितलं. आता गल्लीत कोणी भेटलं की यांना म्हणतात, "काय इसाकभाऊ, किती हप्ते झाले?" हेही हसतात. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

दमलेय. भांडायचीही ताकद नाही खरं तर.

१४ ऑगस्ट

वसुलीचा माणूस आला. लोटन नाव. मोटरसायकल बरोबर आमच्या दारात आडवी लावली आणि पायरीवर बसला. मोठ्याने बोलला नाही, शिवी दिली नाही. नुसता बसला. ते जास्त वाईट. येणारा जाणारा बघतो. मी कामावर निघालेली, पायरीवर तो! कशी ओलांडू?

"ताई, मी काय करू, माले वरथून सांगतस. मनाबी गाडीना हप्ता शे," म्हणाला. सोनगीरचा आहे, पहाटे निघतो, त्याच्याही मोटरसायकलचा हप्ता चालू आहे. मी त्याला पाणी दिलं. राग यायला हवा होता.

समोरचे चुडामण नाना काठी टेकत आले. पतपेढीत बत्तीस वर्षं कारकून होते, धुळ्याकडचे. त्यांनी आधी लोटनचं ओळखपत्र मागितलं. मग त्याचं नाव, कंपनीचं नाव, आल्याची वेळ, सगळं वहीत लिहून घेतलं, आणि खाली त्याचीच सही मागितली! सही न करताच गेला बिचारा. मी कामावर पाऊण तास उशिरा.

जाताना नाना म्हणाले, "ताई, फोनवरनं बोलनं काही कामनं नही. बठ्ठं लिखीसन दे, आनि पोच ली ये." सगळं लेखी द्यायचं आणि पोच आणायची. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का. ते नसलं तर अर्ज दिला असं कोणी मानतच नाही म्हणे.

१७ ऑगस्ट, रविवार

नानांच्या ओट्यावर अर्ज लिहिला. ते लिहिणार, मी सांगणार. कारखाना कधी बंद झाला, आम्ही स्वतःहून कधी फोन केला, आधीच्या आठ वर्षांत एकही हप्ता चुकला नाही — हे त्यांनी दोन वेळा लिहिलं. गैरसमज कसा झाला तेही खरं खरं लिही म्हणाले, लपवलं तर संशय येतो.

"फोन कोनी लिधा व्हता?" त्या दिवशी फोन घेतला कोणी, हे नानांनी विचारलं.

म्हटलं, यांनी.

हे तांब्यातून पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवायला वेळ लावला. नाना यांच्याकडे बघत थांबले. "लिहा ना नाना," हे म्हणाले. "तिने सांगितलं तसंच लिहा."

तर असं लिहिलं: ‘माझे पती यांनी दूरध्वनीवरील हफ्ते या शब्दाचा अर्थ मासिक हप्ते असा घेतल्याने त्यांच्याकडून अनवधानाने चूक झाली.’ अनवधानाने — नानांचा शब्द. खाली दोघांच्या सह्या. यांनी वाचलं, सगळं, सावकाश. मग विचारलं, "सही कुठे करू?" मी बोट ठेवलं, तिथे केली.

मला जरा वाईट वाटलं. पण अर्ज तर खरा असायला हवा.

२१ ऑगस्ट

मालक पत्र देत नाही. पत्र दिलं तर कामगारांची देणी अंगावर येतील, ही भीती. हे तीन दिवस झाले गेटवर जाऊन उभे राहतात, दोन तास, मग रिक्षावर. भांडत नाहीत. नुसते उभे. लोटनकडून शिकलेत की काय!

२३ ऑगस्ट

पत्र मिळालं! रजेचे राहिलेले पैसेही दिले — थोडे रोख, बाकीच्याच्या चटया. ऐंशी चटया! रिक्षातून दोन खेपा केल्या. पुढच्या खोलीत छतापर्यंत थप्पी लागलीय. रूही त्यावर बसून अभ्यास करते. मोर, कमळ, ताजमहाल, आणि एका चटईवर ‘सुस्वागतम्’ उलटं विणलेलं. तसल्या नऊ निघाल्या. ह्यांनी एकेक उलगडून पाहिली, म्हणाले, "हे माझ्याच मशीनचं काम. धागा कसा बसलाय बघ." उलट्या सुस्वागतम्‌कडे मात्र लक्षच दिलं नाही.

२६ ऑगस्ट

हे चटया घेऊन बोदवडच्या बाजारात गेले. एकतीस विकल्या. उन्हात ओरडून घसा बसलाय. माझ्या नवऱ्याला ओरडताना मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. कसं ओरडले असतील?

हळद घालून दूध दिलं. यांनी अर्धं मला ठेवलं.

नानांनी विचारलं, रोज काय लिहितेस वं? त्यांनी मला दारात डायरी घेऊन बसलेलं पाहिलं. औषध कंपनीची फुकटची डायरी, प्रत्येक पानाखाली खोकल्याच्या औषधाचं नाव. म्हटलं, डोक्यातलं काढून ठेवते. नाना म्हणाले, वाचतेस का परत? छे! लिहिलं की पान उलटलं. मागचं वाचत बसायला वेळ कोणाला आहे, आणि काय वाचायचं त्यात?

३० ऑगस्ट

एक हप्ता पूर्ण जमला. चटया, रिक्षा, माझा पगार. हातात घेऊन दोनदा पाहिला. उलट्या सुस्वागतम्‌च्याही चार गेल्या, निम्म्या भावात!

१ सप्टेंबर, सोमवार

धुळे. आधी पैसे भरले, पावती घेतली. मग अर्ज. सरिता मॅडमनी शिक्का मारून प्रत परत दिली. ती मी एसटीत तीनदा काढून पाहिली.

मॅडमनी अर्ज नीट वाचला. म्हणाल्या, "ही हफ्त्याची गोष्ट मी वर कळवते. कॉलचं रेकॉर्डिंग असतं आमच्याकडे. मागवून घेते. बाईंनी खरंच मोघम सांगितलं असेल, तर दंड माफ व्हायला मदत होईल."

मी म्हणणार होते, मागवा की! तर हे एकदम बोलले, "रेकॉर्डिंग कायले मॅडम? राहू द्या. चूक मान्य आहे ना आम्हाले. दंड भरतो."

दंड भरतो! जणू खिसे फुगलेत. मॅडम म्हणाल्या, तो नियमाचा भाग आहे. बाहेर आल्यावर विचारलं, तुम्हाला कशाची भीती? म्हणाले, "तू खाऊन घे आधी काहीतरी." स्टँडवर भजी घेतली. यांनी एकच खाल्लं. स्वतःचा बावळटपणा चार लोकांनी ऐकावा असं कोणाला वाटतं, म्हणून मी पुढे बोलले नाही.

३ सप्टेंबर

नव्वदावा दिवस. काही झालं नाही. तरी दिवसभर दाराकडे लक्ष.

११ सप्टेंबर

अजून काही कळलं नाही. या महिन्याचाही हप्ता गेलाच. लोटन येऊन गेला, पण गाडी लांब लावली, पोचेवरचा शिक्का पाहिला आणि फोटो काढून घेतला. "आते मी येवाव नही ताई," म्हणाला. जाताना कमळाची एक चटई विकत घेऊन गेला. घासाघीस केली नाही.

मला झोप येत नाही असं नाही. झोप येते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही. काउंटरवर आज एका चिठ्ठीवरचं नाव चार वेळा वाचावं लागलं. हे आजकाल दोन पाळ्या रिक्षा चालवतात. घरी आले की मी काहीतरी टोचून बोलते. नको म्हणते मनात, तरी बोलते. काल म्हटलं, वाण्याकडून साखर आणा, आणि नीट ऐका, एक किलो, एक हप्ता नाही. रूही ताट तसंच ठेवून उठली. "अम्मी, बस कर ना आता."

हे म्हणाले, "बोलू दे तिले. तिच्या जिवाले घोर आहे."

१६ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमचा फोन! मंजूर!

हप्ता नऊ हजार सातशे. थकलेले तीन मागे जोडले. वर्षं सहा वाढली. हे एकसष्टचे होतील तेव्हा घर सुटेल. सुटेल पण! आणि दंड माफ. रेकॉर्डिंग ऐकलं म्हणे वरच्यांनी, मॅडमनीही. बाई नुसतं ‘हफ्ते’ म्हणाली, आठवडे कुठेच म्हणाली नाही, हे धरलं त्यांनी.

फोन ठेवला आणि काउंटरखाली बसून रडले. सेठने दोन गिऱ्हाइकं स्वतः केली. नानांना सांगायला गेले तर म्हणाले, "कागद दखाड आधी." शुक्रवारी सह्या झाल्यावर दाखवीन.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सह्या झाल्या. पहिलं नाव माझंच. पेढे आज खरे, मॅडमना दिले. त्यांनी एक उचलला, अर्धा तोडून यांना दिला. म्हणाल्या, "इसाकभाऊ, तुमच्यासारखी माणसं कमी येतात इथे." आता यात यांचं काय कौतुक! चूक करणाऱ्याला पेढा!

दारापर्यंत सोडायला आल्या. मला हसत म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी पोळी जळाली का हो?"

मला कळलंच नाही. कुठली पोळी? हे घाईने म्हणाले, "चल चल, गाडी सुटते."

एसटीत जागा मिळाली. हे बसल्या बसल्या झोपले, मान माझ्या खांद्यावर. पारोळं गेलं, एरंडोल गेलं. मी पोळीचाच विचार करत होते.

२० सप्टेंबर

मागची पानं वाचली. पोळी सापडली. ३ जून.

हे आंघोळीला होते. फोन मी घेतला होता.

यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.